गटारात उतरलेली देवी

आमच्या गल्लीतल्या देवीच्या देवळासमोर गोदावरीबाई एकतीस वर्षं रांगोळी काढत होत्या. सासरची माणसं पूर्वी इथल्या, म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात, नवरा पोस्टात. दसऱ्याला सगळं गाव मिरवणुकीकडे धावे. बाई मात्र नऊ दिवस देवीची नऊ रूपं काढण्यात बुडालेल्या असत.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधीच देवळासमोरचं गटार तुंबलं. आमदार आरतीला येणार होते, म्हणून घाई. यंत्राची वाट न बघता कंत्राटदारानं सिद्दराजू नावाच्या खाकी शर्टातल्या कामगाराला चेंबरमध्ये उतरवलं. उतरण्याआधी त्यानं बाईंकडे पाणी मागितलं होतं. "अम्मा, रांगोळी जरा लांब काढा हं, घाण उडेल," म्हणाला होता. तो जिवंत वर आला नाही.

नवरात्राच्या पाचव्या दिवशी सकाळी रांगोळी देवळाच्या दारात नव्हती. चेंबरच्या झाकणाभोवती होती. देवी छातीपर्यंत गटारात उभी, मुकुट, नथ सगळं जागच्या जागी, आणि दोन्ही हातांनी खाकी शर्टातल्या माणसाला वर उचलून धरलेलं.

देवस्थान कमिटीचे मनोहरराव धावत आले. "अय्यो वहिनी, देवीला गटारात उतरवलंत?"

"मी कुठे उतरवलं, भावजी? आपल्यापैकी कुणी खाली गेलं नाही. ती तरी गेली असेल, नाही का, अल्वा?"

तोवर आमदारांच्या पक्षाची पोरं आली होती. धर्माचा अपमान झाला म्हणून घोषणा झाल्या, पाइप लावून रांगोळी धुतली गेली आणि सत्तरीच्या बाईंना पोलीस ठाण्यात नेलं.

इन्स्पेक्टरनं कागद पुढे केला. "आजी, चूक झाली एवढंच लिहा आणि घरी जा."

बाईंनी लिहिलं, 'माणसाला गटारात उतरवलं ही चूक झाली.' खाली सही केली. त्यानं दोनदा वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि जीपमधून त्यांना घरी पोचवलं.

कमिटीनं देवळासमोर रांगोळी बंद केली. बाई चार दिवस नीट जेवल्या नाहीत. पण धुण्याआधी कुणीतरी काढलेला रांगोळीचा फोटो गावभर फिरला होता. कंत्राटदारावर गुन्हा नोंदला गेला. खटला अजून रेंगाळतोय.

एक दिवस सिद्दराजूची बायको भाग्यम्मा हूटगळ्ळीहून आली. मोबाइलवरचा फोटो दाखवत म्हणाली, "अम्मा, तुम्ही त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं दाखवलंत. ते कधीच लावत नसत. गुदमरतं म्हणायचे."

"चुकलं गं माझं," बाई म्हणाल्या आणि तिचा हात धरून रडल्या.

आता दर शुक्रवारी त्या बसनं हूटगळ्ळीला जातात. भाग्यम्माला रांगोळी शिकायचीय. परवा तिची रेघ वाकडी गेली, ती पुसायला वाकली.

"पुसू नकोस," गोदावरीबाई म्हणाल्या. "तिथून एक पान काढ."