आठ वर्षं मागची तारीख

घरच्या कॉम्प्युटरवर एकही साइट उघडेना. मी वायर बदलली, राउटर आपटला, इंटरनेटवाल्यावर फोनवरून खेकसलो. शेवटी लक्षात आलं: आतला सेल संपून तारीख आठ वर्षं मागे गेली होती. चुकीच्या तारखेमुळे कुठलीच साइट आम्हाला दारात उभं करत नव्हती.

गेल्या वर्षी वारलेले बाबा रोज पहाटे याच खुर्चीत बसून वाऱ्याचा अंदाज बघायचे. तरी स्वतः किनाऱ्यावर जाऊन समुद्र बघितल्याशिवाय होडी काढायचे नाहीत.

मी तारीख बदलू लागलो.

"राहूंदे तशीच," मागून आई म्हणाली.

"अगं, मग काहीच उघडणार नाही!" मी वैतागलो.

"नको उघडूंदे. या तारखेला ते आहेत."