हात टेकून उठणारा

शांताराम मूळचा गुहागरचा, आखातात माबेलातल्या एका वर्कशॉपात स्टोअरकीपर. गावच्या कबड्डीत चढाईला त्याचा दबदबा होता, हे त्याने एकदा उगाच महमूद अर्बाबला, म्हणजे मालकाला, सांगून ठेवलेलं. महमूद अमेरिकेत शिकून आलेला. तिकडच्या फुटबॉलचा कागदावरचा खेळ त्याने वर्कशॉपात लावून दिला होता. खेळाडू तिकडे धावायचे, त्यांचे गुण इकडे ज्याने त्यांना निवडलं त्याच्या कागदी संघाला लागायचे.

साल दोन हजार पंधरा. तेल गडगडलेलं, दर महिन्याला चारदोन माणसं कायमची घरी जात होती. अशात महमूदने शांतारामला केबिनमध्ये बसवलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. बॉल पोटाशी धरून पळणारा एक गडी, रनिंग बॅक म्हणतात त्याला. क्रमवारीत पहिला आणि महमूदच्या संघातला. ठेवू की देऊन टाकू, एवढाच सवाल.

शांतारामने दोन व्हिडिओ पाहिले. गडी पळत होता झकास. पण पाडल्यावर दर खेपेला डावा हात जमिनीला टेकून उठत होता. चढाईचा गडी असा उठायला लागला की गुडघा गेला समजायचं. क्रमवारीवाल्यांनी पळणं मोजलं होतं, उठणं नाही.

भीती मात्र निराळीच होती. शांताराम स्वतः तसाच उठायचा. स्टोअरात खालच्या फळीशी बसला की आसपास कोणी नाही बघून रॅक धरायचा. बायको सुगंधा रात्री गुडघ्याला तेल चोळताना म्हणायची, "कंपनीच्या डॉक्टरासमोर पण चढाईच करून दाखवा आता." आणि समोर, महमूदच्या मगाखाली, कमी करायच्या माणसांची यादी होती. वरची नावं मगाने झाकलेली.

खोटं सांगावं, तर गडी जायबंदी होऊन बसल्यावर अर्बाब जाब विचारणार. खरं सांगावं, तर याच खुर्चीतून त्याच्या डोळ्यांदेखत उठायचं कसं?

"दे डालो, अर्बाब," तो शेवटी म्हणाला. "नाम बड़ा है, घुटना गया. उठते वक्त हाथ देखो."

महमूदने व्हिडिओ तीनदा मागे नेऊन पाहिला. मग हसला. "खलास. यल्ला, जाओ."

शांताराम हलेना. एसीत पाठ भिजली. नाइलाजाने त्याने टेबलावर डावा हात टेकला आणि उठला.

महमूदची नजर हातावरच होती. "कब से?"

हे त्या गड्याबद्दल नव्हतं. "दो साल."

महमूदने लॅपटॉप मिटला. मग महमूद म्हणाला की खालच्या फळ्यांवरचा माल उद्या वर लावून घे, हेल्पर इक्बाल उचलेल. मगाखालची यादी त्याने हलवली नाही, पेनही उचललं नाही.

शांताराम दारापर्यंत उघड लंगडत गेला.