सुंदरबाईच्या दारातली मूठ

बायनाबाईच्या चुलीशेजारी झाकणाचं एक मडकं होतं. भाकरीचं पीठ परातीत घेण्याआधी मूठभर ज्वारी त्यात पडायची, मग घरात खाणारी ती एकटी का असेना. आठवडाभराची ही 'मूठ' रविवारी चर्चमधल्या पोत्यात जायची. वस्तीवरच्या ख्रिस्ती बायकांची ही जुनी रीत. नवरा याकोब गेल्यावर तिसऱ्या दिवशी चूल पेटली, तेव्हाही तिचा हात आधी मडक्याकडे गेला होता, आणि ही गोष्ट ती येताजाता सगळ्यांना ऐकवायची.

ते पोतं पूर्वी पाळकसाहेबांच्या घरी जायचं. बायनाबाईनं भांडून ते वळवलं. दसरा झाला की पाटोद्याकडची ही सगळी गावं ऊस तोडायला कारखान्याला जातात आणि मागं म्हातारी माणसं उरतात. पोतं त्यांचं, मग ती कुठल्या का देवाची असेनात. एवढ्यावर थांबेल ती बायनाबाई कसली! ती गावातल्या हिंदू घरांतही शिरली. "सैपाकाला बसताना एक मूठ बाजूला काढा गं. तेवढ्यानं तुमचं काय घटतंय?"

शिवकन्या गावातली शहाणी सून. तिनं मूठ दिली, पण हसत म्हणाली, "मावशी, दुसरं काहीतरी नाव काढा. आमच्यात मूठ मारत्यात. करणीवाले मारत्यात तसली."

"चाळीस वर्सं मूठच म्हनतोय आमी. तुमच्यासाठी आता बारसं करू का तिचं?" बायनाबाई म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

त्या साली शहादेव बायकोला घेऊन ऊसतोडीला निघाला तेव्हा त्याची आई सुंदरबाई मागं राहिली. गुडघे गेलेले, आणि रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नव्हता. टोळीचा ट्रॅक्टर दारात उभा असताना शहादेवनं बायनाबाईचे हात धरले. ती म्हणाली, "जा बाबा तू. तुझ्या आईला उपाशी राहू देणार न्हाई." एवढं बोलून तिला फार बरं वाटलं.

दर रविवारी उपासनेनंतर ती शेरभर धान्याची पुरचुंडी घेऊन जायची. सुंदरबाईला ऐकू कमी येई, म्हणून ती दारातूनच सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "आत्या, मूठ ठिवली गं दारात!"

आतून आवाज यायचा, "ठिव बाई."

नाताळच्या आधी सुंदरबाईच्या शेजारच्या बंकटची दुभती म्हैस एकाएकी मेली. म्हैस कशानं मेली ते कुणी पाहिलं नाही. पण बायना दारोदार मूठ टाकती, हे आळीनं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं. आठ दिवसांत गावातल्या घरांनी मूठ बंद केली. शिवकन्येनंही नजर चुकवली. बायनाबाईला राग आला, रडूही आलं. पण वस्तीवरच्या चार चुली मूठ देत होत्या आणि सुंदरबाईपुरतं त्यात भागत होतं. तिनं ओरडणं काही सोडलं नाही.

"जेवलीस का, आत्या?" ती विचारायची. म्हातारी मान हलवायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती. बायनाबाईला वाटलं, वय झालं. गावात चक्की एकच. सुंदरबाईचं दळण तिथं कधी दिसलं नाही, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. द्यायच्या आनंदात माणूस एवढं आंधळं होतं, याचा मला अजून संताप येतो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आतून आवाज आला नाही.

शहादेव कोयता टाकून आला. आईला अग्नी दिला, आणि दुसऱ्या दिवशी घर झाडताना त्याला खाटेखाली पुरचुंड्या सापडल्या. एकीचीही गाठ सुटलेली नव्हती. प्रत्येकीवर एकेक वाळलेलं लिंबू. परत केली तर मूठ उलटते, उघडली तर लागते, म्हणून म्हातारीनं त्या झाडूनं आत ढकलून ठेवल्या होत्या. शेजारच्या कडूबाईनं कधीमधी चतकोर दिला, त्यावर ती इतके दिवस काढत होती.

त्यानं बायनाबाईला बोलावलं. ती खाली बसली. एकेक गाठ सोडली. पांढरीशुभ्र ज्वारी, तिनं स्वतः निवडलेली.

शहादेव ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मावशी, जवारी कावून नाई म्हनलात? दारातून नुसतं 'जवारी आनली' म्हनला असता, तर माझी आई जेवली असती."

तिनं तोंड उघडलं. आमच्यात मूठच म्हणतात, हे चाळीस वर्षांचं उत्तर ओठांवर आलं होतं. ते गिळून ती सोडलेल्या पुरचुंड्या पुन्हा बांधू लागली.

घरी येऊन तिनं चूल पेटवली. सवयीनं मूठ भरून हात मडक्यावर गेला. मग ती मूठ तिनं दळणाच्या डब्यात परत सोडली.