अंबाजोगाईचा पाऊस

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दिवसभर घरात मोजकंच बोलत. दिवेलागणीला मात्र बिनतारी यंत्राच्या किल्लीवर बोट ठेवलं की त्यांना थांबवणं कठीण. निजामाच्या अमलात वडवणीत असं यंत्र रीतसर परवान्याने बाळगणारा हा एकच हौशी माणूस. अक्का म्हणायची, "आमाला नुसतं 'हूं', अन् सोलापूरवाल्यासंगं लई गोडी."

सोलापूर, औरंगाबाद, अंबाजोगाई आणि दाजी असे चौघे रोज त्या वेळी हवेतच जमत. खटखट आवाजाच्या खुणांनी बोलणं चाले. दाजींचा दंडक होता : आधी पाऊस, मग गप्पा. पाऊसही स्वतः मापलेला. "आभाळ भरलंय" असं कुणी कळवलं, तर हे विचारत, "भांड्यात किती आला?" अंबाजोगाईच्या वकिलांशी त्यांचं विशेष जमे. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

रात्री कळलेलं दाजी सकाळी पारावर सांगत. एका मृगात त्यांनी सांगितलं, अंबाजोगाईला पावणेदोन इंच पडला. लोक धरून चालले की उद्या इथे येणार. "मी पडलेला सांगतो, पडणारा न्हाई," असं दाजींनी दोनदा बजावलं. तरी निम्म्या गावाने कोरड्यात पेरलं. पाऊस आला नाही. बी मुंग्यांनी नेलं.

"दाजी, तुमचा पाऊस वाटंत कुठं मुक्कामाला बसला म्हनं?" शेजारचा रंगनाथ पारावर विचारायचा, आणि सगळे हसायचे. पुढे हसणंही संपलं. हा माणूस बाहेर, सोलापूरच्या इंग्रजी मुलखात बातम्या पाठवतो, अशी कुणीतरी कचेरीत कागाळी केली. यंत्र जप्त करायला आलेल्या पोलीस अमीनसाहेबांनी परवाना उलगडूनसुद्धा पाहिला नाही. "जपून न्या, आत काचा हायत," एवढंच दाजी म्हणाले. यंत्र न्यायला गाडी-बैल रंगनाथनेच दिले. रोज पाऊस विचारायला येणाऱ्यांपैकी त्या दिवशी अंगणात कुणी फिरकलं नाही.

पोळ्याच्या सुमारास वकील मोटारीने स्वतः आले. दोघे ओसरीवर समोरासमोर बसले.

"माझंही नेलं," वकील म्हणाले. "तुमच्याशी बोलायचो म्हणून."

दाजींनी मान खाली घातली. मग विचारलं, "तिकडं पाऊस?"

"झाला."

"किती?"

"मापला नाही. कळवू कुणाला?"

"मी बी न्हाई मापला," दाजी म्हणाले.

अक्काने जेवायला थांबायचा आग्रह केला. वकील दुपारच्या मोटारीने परत गेले.