ताटातली डावी बाजू

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं, आणि मला रडू येत नाही.

नातेवाइकांनो, रागावू नका. माझं रडून झालंय, नव्वदच्या सालातच.

ही पोस्ट मी स्वतः लिहितेय हं, एका बोटानं. नातीनं फक्त शुद्धलेखन बघितलं. तिसरीपर्यंतची शाळा माझी, काय करणार!

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमचे हे कासार. तिसगावच्या बाजारात बसायचे. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी नवऱ्या मुलींचा हिरवा चुडा ह्यांनी भरला. "काका, हळू" असं पोरगी म्हणेपर्यंत बांगड्या मनगटात गेलेल्या असायच्या.

मग नव्वदच्या सालात एक दिवस ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर स्ट्रोक म्हणाले. डावी बाजू गेली.

नगरच्या दवाखान्यात राहिलो. औषधं झाली, व्यायाम झाले. पाय टेकायला लागला, डाव्या हाताची मूठ वळायला लागली. म्हटलं, सुटलो बाई.

कुठलं सुटलो!

जेवायला बसले की भांडण.

"मीठ न्हाई का घरात?"

"अहो, ताटातच हाय."

"कुठं हाय? मी काय आंधळा हाय?"

आता मीठ, लिंबू, चटणी आपण ताटात डावीकडंच वाढतो ना. हे उजवीकडचं कालवण, भाजी सगळं पुसून खायचे. चटणी तशीच. भाकरी पण उजवीकडून खात यायचे, मध्यावर थांबायचे आणि म्हणायचे, "भाकरी वाढ."

सून बिचारी रडायची. "आत्या, मामांना माझ्या हातचं आवडत न्हाई."

मग आम्ही दोघींनी युक्ती काढली. सगळं उजवीकडं वाढायचं. पाण्याचा तांब्या उजवीकडं. बोलायचं पण उजवीकडं बसून.

भांडण बंद! मला माझीच लई हुशारी वाटली.

पण बाजारात काय युक्ती चालणार? हे पुन्हा बसले, आणि पहिल्याच बाईच्या हातात बांगडी वाढली. आम्ही कासार बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. दुसरीच्या हातात पण वाढली. तिला तर काच लागली. ह्यांचा डावा हात मांडीवर नुसता पडलेला, त्याला कामाला लावायचंच विसरून जायचे.

धाकटे दीर म्हणाले, "वैनी, दादाचं डोकं गेलंय. आता घरात बसवा त्याला."

ह्यांनी ते ऐकलं.

त्यानंतर बांगड्यांच्या माळांना हात लावेनात. मला एकदाच म्हणाले, "बांगडी भरता येत न्हाई, तर मी कोण हाय गं?"

मलाच आतून भीती. डोकं खरंच गेलं असलं तर?

पुन्हा नगर गाठलं. मी, हे आणि सून. एसटीत ह्यांनी खिडकी मागितली, तेवढ्यानं पण बरं वाटलं मला.

व्यायाम घेणाऱ्या मॅडमकडं नवा कॉम्प्युटर आला होता. चपला बाहेर काढायच्या, मग आत. खोली अशी गार की मी पदर लपेटून घेतला.

मॅडम म्हणाल्या, "काका, स्क्रीनवर ठिपका येईल. ही दांडी उजव्या हातात धरा आणि खूण त्या ठिपक्यावर न्या. डोळा आणि हात एकमेकांचं ऐकतात का, ते बघू."

हे म्हणाले, "मॅडम, ह्याच्यावर कुस्त्या लागत न्हाईत का?"

टेस्ट सुरू झाली. उजवीकडं ठिपका आला की हे लगेच दांडी हलवून खूण तिथं नेत होते. मी शाब्बास म्हणणार, तेवढ्यात ठिपका डावीकडं आला.

ह्यांच्या हातातली दांडी हललीच नाही.

ठिपका लुकलुकतोय, आणि हे विचारतात, "लाईट गेली का?"



शेवटी मॅडमनी सगळे ठिपके एकदम दाखवले. उजवीकडचे सगळे हिरवे. डावीकडचे सगळे लाल. वावरात मधोमध बांध घालावा तसं.

"काकू, काकांचं डोकं शाबूत आहे. डोळेही चांगले आहेत. डावी बाजू असते, एवढंच त्यांचा मेंदू विसरलाय. घरी ताटातलं डावीकडचं खातात का?"

सून आणि मी एकमेकींकडं बघतच राहिलो!

मी सगळं सांगितलं. उजवीकडं वाढायची युक्ती पण सांगितली, जरा ऐटीतच.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो काकू! आजपासून सगळं डावीकडं ठेवा. तुम्ही पण डावीकडं बसा. शोधू द्या त्यांना."

"म्हंजे ही दिसायची न्हाई," हे म्हणाले. "मग बरंच झालं की!"

त्या गार खोलीत मी खो खो हसले, आणि हसता हसता ढसाढसा रडले. माझा माणूस जागेवर होता. सगळाच्या सगळा.

मग घरात चटणी शोधायचा खेळ सुरू झाला. डाव्या मनगटाला लाल फीत बांधली. नजर त्या फितीपर्यंत न्यायची, मगच घास. चिडायचे, मला शिव्या द्यायचे, पण न्यायचे. दर खेपेला कॉम्प्युटरवर लाल ठिपके कमी व्हायचे, आणि हे मला म्हणायचे, "बघ, बांध सरकला."

शेवटच्या खेपेला ह्यांनी पिशवीतून बांगड्या काढल्या.

"मॅडम, हात द्या."

मॅडमनी एक हात पुढं केला. "काका, जमेल ना?"

ह्यांनी मान डावीकडं वळवली. स्वतःचा डावा हात बघितला, उचलला, त्यात मॅडमचा पंजा धरला आणि हळूहळू दाबला. उजव्या हातानं बांगडी सरकवली. मग दुसरी. मग तिसरी.



एकही वाढली नाही.

"आता दुसरा हात," हे म्हणाले, बाजारात म्हणायचे अगदी तसंच.

त्यानंतर कितीतरी वर्षं बाजारात बसले. नातीचा चुडा पण ह्यांनीच भरला. दीर शेजारी बसून बघत होते!

घरात बसवलेला म्हातारा म्हणून नाही गेले. कासार म्हणून गेले.

अहो, तुमच्या बायकोचा नमस्कार घ्या. सुखात राहा.