टेस्टरराव आणि माझे सतरा मंत्र

माझ्या मेहुण्याला त्याच्या बहिणीखेरीज सगळे टेस्टर म्हणतात. त्याच्या खिशात पेन नसतं, पिवळ्या मुठीचा टेस्टर असतो. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही कोटाच्या खिशातून ती पिवळी मूठ डोकावते. एकतीस वर्षं हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतोय. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तरी लिफ्टमध्ये भिंतीला तळवा लावून उभा राहतो आणि वर पोचल्यावर यजमानाने "या, बसा" म्हणायच्या आधी सांगतो, "तिसऱ्या मजल्यापाशी तुमची लिफ्ट तेल मागतेय." लोक त्याला तऱ्हेवाईक समजतात. आहेच तो.

साडेसात वर्षांपूर्वी त्याच्या लेकीचा पाय मोडला आणि ती दोन महिने घरात अडकली. मैत्रिणीने तिला वेळ घालवायला एका खेळाचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार. आणि वार लागला की हुकला, ते फासे ठरवतात, असा तो खेळ. टेस्टरने पुस्तक आठवड्यात संपवलं आणि तोंड वाकडं केलं. "यात बरंच काही ढिलं आहे," म्हणाला. मग लिफ्ट-तपासणीच्या रद्द झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर त्याने स्वतःचे नियम लिहायला घेतले.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी चार वाजता आम्ही त्याच्या जेवणाच्या टेबलाशी जमतो. गोष्ट टेस्टर सांगतो. त्याची लेक कुलपं उघडणारी चोर. माझी बायको, म्हणजे टेस्टरची ताई, तलवारवाली. तीस वर्षं टपाल कचेरीत खिडकीवर बसलेली बाई, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला काही लिहायवाचायचं नकोय. मला हाणामारी दे." आणि मी, निवृत्त भूगोलशिक्षक, जादूगार. मंत्रांची यादी वाचायचा उत्साह दुसऱ्या कुणाला नव्हता म्हणून.

सुरुवातीला माझ्याकडे दिवसाला एकच मंत्र असे. तो संपला की मी बायकोच्या पाठीमागे लपायचो, आणि ती दर वेळी म्हणायची, "या, या, इथेही माझ्या मागेच या." पण टेस्टरच्या नियमांत जसजसा अनुभव वाढतो तसतसे जादूगाराला नवे मंत्र मिळतात. सहा वर्षांत माझे सतरा मंत्र झाले. मी उडू लागलो, भिंती वितळवू लागलो, अख्ख्या पलटणी झोपवू लागलो. तलवार मात्र तलवारच राहिली. पाळीला एक वार. कुलूप दिसलं की चोर पुढे व्हायच्या आत माझा मंत्र तयार. खरं सांगायचं तर मी शेफारलो होतो.

याच सुमारास बायको टेबलाशी विणकाम घेऊन बसू लागली. राखाडी लोकर, माझ्याच मापाचा स्वेटर. माझे मंत्र चालू असायचे आणि तिच्या सुया चालू असायच्या. मला वाटायचं, काय हे प्रेम!

एका रविवारी टेस्टरने खिंडीत एक भलंमोठं जनावर आणून उभं केलं. ते त्याने तीन आठवडे खपून बेतलं होतं. मी चाळीस मिनिटं एकामागून एक मंत्र टाकले आणि जनावर आडवं केलं. मिशीवरून हात फिरवत मी मागे रेललो. टेस्टर माझ्याकडे बघतच नव्हता. तो ताईच्या मांडीकडे बघत होता.

"ताई, आज किती विणलंस?"

"एक बाही," ती म्हणाली.

"अख्खी?"

"अख्खी. अरे, तीस वर्षं लोक माझ्या खिडकीसमोर रांगेत उभे होते. आता मी यांच्या मागे रांगेत उभी आहे, आणि माझा नंबर येतच नाही." तिने सुया पिशवीत घातल्या. "पुढच्या रविवारपासून मी येत नाही. तुम्ही खेळा."

ती रागावलेली नव्हती, हेच वाईट होतं. टेस्टरचा चेहरा उतरला. आई गेल्यानंतर ही दोघं भावंडं फक्त कुणाच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात भेटत. या टेबलाने त्यांना पुन्हा दर आठवड्याला समोरासमोर बसवलं होतं. ते मलाही ठाऊक होतं, आणि तरी मी सतरावा मंत्र टाकलाच होता.

"मला तीन रविवार दे," टेस्टर म्हणाला. तिने दिले.

पहिल्या रविवारी त्याने माझे मंत्र कापले. सतराचे पाच. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पाच मिनिटांत पाच मंत्र संपवले आणि हाताची घडी घालून बसलो. खेळ मिठाशिवायच्या भाजीसारखा झाला. शेवटी बायकोच वैतागली. "यांना लुळं करून मला काय मिळणार आहे? मला दया नकोय रे. काम दे."

दुसऱ्या रविवारी त्याने तिला पेटती तलवार दिली. फिरवली की ज्वाळा निघायच्या. दोन पाळ्या तिने ती हौसेने फिरवली, मग टेबलावर ठेवून दिली. "ही तर मंत्रच टाकतेय. मग मीही जादूगारच झाले की! मला नकोय ते."

लेक म्हणाली, "बाबा, आता?"

"बघू," टेस्टर म्हणाला. तो हरला की 'बघू' म्हणतो. त्या रात्री मीही नीट जेवलो नाही. खेळ बंद पडेल म्हणून नव्हे. बायको घरी बसेल, मी एकटा जाईन, आणि टेस्टर मला काही बोलणार नाही, म्हणून.

बुधवारी आमच्याच इमारतीची लिफ्ट बंद पडली. मी जिना उतरून खाली गेलो, तर तळमजल्याचं दार उघडं आणि टेस्टर आत, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात, कमरेत वाकून. दाराशी त्याचा जोडीदार उभा होता, त्याच्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा. हातात काही नाही, फोनसुद्धा नाही. नुसता उभा.

"तुमचं बरं आहे," मी त्याला म्हणालो. "काम त्यांनी करायचं आणि तुम्ही उभं राहायचं!"

तो हसला फक्त. तेवढ्यात एक बाई खरेदीच्या पिशव्या घेऊन तावातावाने आल्या आणि सरळ दाराकडे वळल्या. जोडीदाराने हात आडवा धरला. बाईंनी त्याला बरंच सुनावलं. तो जागचा हलला नाही. शेवटी त्या जिन्याने गेल्या.

खड्ड्यातून आवाज आला, "भावोजी, तो तिथे आहे म्हणून मी इथे आहे. खाली वाकलं की मला वरचं काही दिसत नाही. आम्ही खड्ड्यात एकटे उतरतच नाही."

मग खालची ठोकठोक थांबली. मी घाबरून वाकून पाहिलं. टेस्टर पान्याने खांदा खाजवत भिंतीकडे बघत होता.

"भावोजी," तो म्हणाला, "तुमचे सतराच्या सतरा मंत्र तुम्हाला परत."

तिसऱ्या रविवारी बायको शब्द दिला होता म्हणून आली, पिशवीत लोकर घेऊनच. टेस्टरने एकच पाठकोरा कागद टेबलावर ठेवला. लहान मंत्र पूर्वीसारखेच. मोठ्या मंत्राला मात्र टेबलाच्या तीन फेऱ्या, म्हणजे बाकी प्रत्येकाच्या तीन पाळ्या, लागणार. तेवढा वेळ जादूगाराने डोळे मिटायचे, हात टेबलावर सपाट ठेवायचे, बोलायचं नाही. त्याला मध्येच कुणाचा धक्का लागला, तर मंत्र फुकट.

"खरोखरचे डोळे मिटायचे?" मी विचारलं.

"खरोखरचे."

"आणि तेवढा वेळ मला कोण सांभाळणार?"

बायको खुर्ची पुढे ओढत होती, तो आवाज आला.

टेस्टरने पुन्हा तेच जनावर काढलं, या वेळी पिल्लांसकट. मी डोळे मिटले. सहा वर्षांत पहिल्यांदा मी तो खेळ ऐकला. फासे पडल्याचा आवाज. "डावीकडून दोन येतायत, आत्या!" "येऊ देत. तू ती साखळी ओढ." पुन्हा फासे. टेस्टर म्हणाला, "ताई, तुझा खांदा गेला. बावीसपैकी नऊ प्राण उरले." मला डोळे उघडायचा मोह झाला.

"डोळे उघडू नका," बायको म्हणाली. "अजून एक फेरी आहे. मी आहे इथे."

ते ती मला म्हणाली की जादूगाराला, मला कळलं नाही. पण हात आपोआप सैल पडले. तिची तलवार दोनदा लागली, एकदा हुकली. लेक ओरडत होती, टेस्टर उभा राहून बोलत होता. तिचे चार प्राण उरले. दोन उरले.

"आता!" बायको ओरडली. मी डोळे उघडले आणि मंत्र टाकला. जनावर कोसळलं.

टेबलावर चहा सांडला होता, बायकोचा चेहरा लालबुंद झाला होता, केस सुटले होते. टेस्टर खाली बसला, खिशातला टेस्टर काढून उगाच पुसायला लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

"कोणी मारलं म्हणून लिहू?" लेकीने विचारलं.

"मी आणि आतोबांनी," असं बायको म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "लिही, आत्याने. आतोबा डोळे मिटून बसले होते."

याला आता दीड वर्ष झालं. टेस्टर अजून दर महिन्याला नियमांत काहीतरी घट्ट करत असतो, काहीतरी सैल. परवा थंडी पडली म्हणून मी कपाटातून राखाडी स्वेटर काढला. त्याला अजून एकच बाही आहे; दुसरी विणायला बायकोला रविवारी सवडच मिळाली नाही. मी तो तसाच घालून रविवारी गेलो. टेस्टरने दार उघडलं, त्या एका बाहीकडे पाहिलं, मग माझ्या उघड्या हाताकडे पाहिलं, आणि तिथेच मला मिठी मारली.