चौथ्या मजल्याची आत्या

बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. आत्या एका हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर नर्स होती. तिनेच शब्द टाकून आईला तिथल्या लाँड्रीत चिकटवलं. तळघरात दिवसभर चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्रीच्या तापलेल्या रोलरखालून काढायच्या. वाफ बाहेर ओढणारा पंखा बंद पडून दोन वर्षं झाली होती. एकदा आईच्या शेजारची बाई चक्कर येऊन रोलरवरच कोसळली आणि कोपरापर्यंत भाजली.

पंख्यासाठीचे अर्ज कर्मचारी समितीकडे धूळ खात पडले होते. नऊ मजले, नऊ जागा; ज्या मजल्यावर ज्याला जास्त मतं, तो निवडून यायचा. लाँड्री, सफाई, स्वयंपाकघर मिळून एक तृतीयांश माणसं, पण सगळीकडे विखुरलेली. त्यामुळे प्रत्येक जागा नर्स नाहीतर क्लार्कची. मतदानासाठी तळघर तळमजल्याला जोडलेलं होतं. तिथून आई दोनदा उभी राहिली आणि दोन्ही वेळा पडली.

आत्या मात्र सोळा वर्षं चौथ्या मजल्यावरून निवडून येत होती. रविवारी आमच्याकडे भाजी निवडता निवडता दोघींची जुंपायची.

"ताई, सगळ्या मजल्यांची मतं एकत्र मोजा. प्रत्येक गटाने आपली यादी द्यावी. ज्याला जितकी मतं, त्याला तितक्या जागा."

"आणि माझ्या मजल्यावरच्या पोरीने रडत कुणाकडे जायचं? आज ती सरळ माझ्याकडे येते. यादीतला माणूस कुणाचा असतो गं?"

आई पुढची जुडी निवडायला घ्यायची. पण भाजलेला हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत ती मजल्यामजल्यावर फिरली. शेवटी नियम बदलायचा की नाही यावर मतदान ठरलं. सभेत आत्या विरोधात बोलली. "ही माझी भावजय. तिचं खोटं नाही. पण माझंही खोटं नाही," एवढं म्हणून ती खाली बसली.

नियम अकरा मतांनी बदलला.

पुढच्या निवडणुकीत आईच्या गटाला तीन जागा मिळाल्या. महिन्याभरात पंखा बसला. नर्सच्या गटाने यादीत आत्याचं नाव पाचवं टाकलं होतं, आणि त्यांच्या जागा आल्या चार. यादीतली पहिली चार नावं निवडून आली, आत्या राहिली.

आत्या आईला एका शब्दाने बोलली नाही. फक्त रविवारी यायची बंद झाली. आई तिच्याकडे गेली की ती दार उघडायची, बसायला सांगायची, माझ्या अभ्यासाची चौकशी करायची. समितीचा विषय निघाला की उठून पाणी आणायला जायची. "भांडली असती तर बरं झालं असतं," आई परतताना म्हणायची.

निवृत्त झाल्यावर आत्या लेकीकडे राहायला गेली आणि दीड वर्षात वारली. आम्ही पोचलो तेव्हा घर चौथ्या मजल्यावरच्या नर्सनी भरलं होतं. कुणाचं निलंबन आत्याने मागे घ्यायला लावलं होतं, कुणाची बाळंतपणाची रजा भांडून मिळवून दिली होती. आई दाराशीच उभी राहिली. एका तरुण नर्सने तिला बसायला जागा करून दिली आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या मजल्यावर होतात का?"

"नाही," आई म्हणाली, "मी तळघरात."

 समितीची मुदत संपल्यावर आई पुन्हा निवडणुकीला उभी राहिली नाही.